हृदयाची वीज आणि पेशीतील पाणी
(इंदूर येथे मराठी श्रोत्यांपुढे वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



इंदूर शहराला नर्मदेचे पाणी १९७८ साली मिळाले. त्यापूर्वी यशवंत सागर आणि बिलावली या तलावांवर शहराची तहान भागवली जात असे; उन्हाळ्यात ती भागत नसे. नर्मदेच्या पाण्यासाठी १९७० मध्ये नागरिकांनी केलेले आंदोलन येथील वडीलधाऱ्या मंडळींच्या स्मरणात असेल. नर्मदा खाली निमाडात वाहते आणि इंदूर वर, माळव्याच्या पठारावर वसले आहे. जलूद येथे उचललेले पाणी सुमारे ७० किलोमीटरचे अंतर तोडून आणि विंध्याचा चढ चढून शहरात येते. ते आपण होऊन येत नाही. टप्प्याटप्प्यावर बसविलेल्या पंपांनी ते रात्रंदिवस वर रेटावे लागते, आणि पंपांची वीज गेली की दुसऱ्या दिवशी नळ कोरडे पडतात.

मनुष्याच्या हृदयातील प्रत्येक पेशीत याच जातीचा खटाटोप जन्मापासून अखेरच्या श्वासापर्यंत अखंड चालू असतो. फरक एवढाच की, शहरात विजेच्या बळावर पाणी चढविले जाते, तर हृदयात पाणी आणि क्षार यांच्या मांडणीतून वीज उत्पन्न होते. पेशीत पाणी किती असावे याचा हिशेब आणि हृदयाचा ठोका कसा पडावा याचा हिशेब हे दोन निराळे हिशेब नाहीत. ते एकाच वहीत, एकाच हाताने लिहिलेले आहेत. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. जुलाब झालेल्या मुलाला साखर-मीठ-पाणी देताना प्रमाण का सांभाळावे लागते, या अगदी घरगुती प्रश्नाचे उत्तरही याच वहीत सापडते.

शालेय पुस्तकांतून हृदयाचे वर्णन ‘रक्त ढकलणारा पंप’ असे केलेले असते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. पंपाला चालना कोण देते, हा प्रश्न त्यात राहूनच जातो. हृदयाचे स्नायू अब्जावधी सूक्ष्म पेशींचे बनलेले असून जवनिकेतील एक पेशी साधारणपणे एक दशांश मिलिमीटर लांब असते. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे अत्यंत पातळ पटल असते. पटलाच्या आतही खारे पाणी आणि बाहेरही खारे पाणी. मात्र दोहोंतील मीठ एक नव्हे. बाहेरच्या पाण्यात आपल्या जेवणातील मिठाचा सोडियम हा घटक भरपूर असतो, दर लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल. आत तो जेमतेम दहाच्या आसपास असतो. पोटॅशियमची स्थिती नेमकी उलटी. आत सुमारे १४०, आणि बाहेर रक्तात अवघे साडेतीन ते पाच. या असमतोलामुळे विश्रांतीच्या वेळी पेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे ८५ ते ९० मिलिव्होल्ट इतका ऋण असतो. हाताच्या घड्याळात बसणाऱ्या छोट्या बॅटरीचा दाब दीड व्होल्ट असतो, म्हणजे याच्या सोळा-सतरापट. पण याच अल्प दाबावर दिवसाला सुमारे एक लाख ठोके पडतात.

हा असमतोल टिकविणारा पंप डेन्मार्कमधील शास्त्रज्ञ येन्स स्कौ यांनी १९५७ साली शोधून काढला. त्यासाठी त्यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंचा उपयोग केला होता. चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांना याच कार्याबद्दल रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. पेशीपटलात रोवलेला हा प्रथिनाचा पंप प्रत्येक फेरीत सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन कण आत घेतो. तीन बाहेर आणि दोन आत, म्हणजे दर फेरीत एक धनभार जास्त बाहेर जातो. येथेच पाण्याचा आणि विजेचा हिशेब एक होतो. सोडियम बाहेर काढला नाही, तर मिठामागून पाणीही आत शिरून पेशी फुगत जाईल. आणि सोडियम बाहेर काढला की त्या कृतीनेच वीज साठते. पेशी फुगू न देणे आणि पेशी विद्युत्भारित ठेवणे ही दोन्ही कामे एकच यंत्र करते.

मिठामागून पाणी जाते, हे गृहिणींना शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ठाऊक होते. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की बरणीत पाणी सुटते आणि फोडी आकसतात. मनुका साध्या पाण्यात भिजत घातल्या की रात्रीत टपोऱ्या होतात. पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पटलातून होणाऱ्या पाण्याच्या या प्रवासाला परासरण म्हणतात. शिक्षकांना वर्गात हे सहज दाखविता येईल. एकाच बटाट्याच्या सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापाव्यात; एक साध्या पाण्यात आणि दुसरी मिठाच्या दाट पाण्यात तासभर ठेवावी. पहिली ताठ व टणक होते, दुसरी मऊ पडून वाकते. मुलांना पट्ट्या हातात घेऊन वाकवून पाहू द्याव्यात. फळ्यावरील आकृतीपेक्षा हे ज्ञान पक्के बसते.

हृदय आणि पाणी यांचा संबंध प्रयोगशाळेत प्रथम उघडकीस आला तो एका चुकीमुळे, आणि तोही नळाच्या पाण्यामुळे. लंडनमधील डॉ. सिडनी रिंगर हे बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यात किती काळ धडधडते, याचा अभ्यास करीत होते. शुद्ध केलेल्या पाण्यात मीठ घातले की हृदय बराच वेळ चालू राहते, असा निष्कर्ष त्यांनी १८८२ मध्ये काढला. पुढे ध्यानात आले की, प्रयोगशाळेत वापरलेले पाणी ऊर्ध्वपातित नव्हतेच. ते लंडनच्या एका पाणीपुरवठा कंपनीचे नळाचे पाणी होते. खरोखर शुद्ध केलेले पाणी घेऊन प्रयोग पुन्हा करताच ठोके मंदावून हृदय थांबले. नळाच्या पाण्यात विरघळलेला चुना, म्हणजे कॅल्शियम, हृदयाला चालवीत होता. रिंगर यांनी १८८३ मध्ये हा खुलासा स्वतःच प्रसिद्ध केला. सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम यांचे ठराविक प्रमाण असलेले ‘रिंगरचे द्रावण’ तेव्हापासून जगभर वापरात आले आणि त्याचीच सुधारलेली बाटली आज तालुक्याच्या रुग्णालयातही सलाईन म्हणून टांगलेली दिसते. शुद्ध पाणी म्हणजे उत्तम पाणी, ही समजूत पिण्याच्या बाबतीत ठीक आहे; हृदयाला मात्र नुसते शुद्ध पाणी चालत नाही.

हृदयाची ही वीज शरीराबाहेरूनही मोजता येते, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली लंडनमध्ये दाखविले. पुढे हॉलंडमधील विलेम आइंटहोवेन यांनी तारेचे नाजूक विद्युत्‌मापक बनवून हृदयालेखाला शास्त्रशुद्ध रूप दिले. रुग्णाने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे, अशी तेव्हाची रीत होती. कारण खारे पाणी वीज वाहून नेते. ज्याला आज सर्वत्र ईसीजी म्हणतात, त्या आलेखातील पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे आइंटहोवेन यांनीच योजिली. १९२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना देण्यात आले. रक्तातील पोटॅशियम घटले की आलेखातील टी ही टेकडी सपाट होत जाते. ते फार वाढले की तीच टेकडी तंबूसारखी उंच आणि टोकदार होते. अनुभवी डॉक्टर रक्ततपासणीचा निकाल येण्यापूर्वीच या टेकडीवरून धोका ओळखतात.

आता मूळ मुद्दा. पेशी फुगली किंवा आकसली, तर तिच्या विजेचे काय होते?

हा प्रश्न विचारता येणे हेच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले काम होय. हृदयाची एकेक पेशी सुटी करून जिवंत ठेवणे आणि काचेची अतिसूक्ष्म नलिका तिच्या पटलाला चिकटवून त्यातून वाहणारा क्षीण प्रवाह मोजणे, ही दोन्ही तंत्रे १९७० नंतर हाती आली. यांतील दुसऱ्या तंत्राबद्दल जर्मनीतील एर्विन नेहर व बर्ट झाकमन यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या तंत्राने पेशी एका द्रावणात ठेवून तिची वीज मोजता येते, मग द्रावण किंचित पातळ करता येते. द्रावण पातळ होताच परासरणाने पाणी आत शिरते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी डोळ्यांदेखत जाड होते. १९९२ साली अमेरिकेत कुत्र्याच्या हृदयपेशींवर झालेल्या अशा प्रयोगांत असे आढळून आले की, पेशी फुगली की तिच्या पटलात एरवी मिटलेल्या काही मार्गिका उघडतात आणि त्यांतून क्लोराइडचा प्रवाह वाहू लागतो.

या मार्गिका उघडण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. फुगलेल्या पेशीला पाणी बाहेर टाकायचे असते. पाणी उचलून फेकणारा पंप निसर्गाने दिलेला नाही. म्हणून पेशी क्लोराइड व पोटॅशियम बाहेर सोडते आणि त्यांच्यामागून पाणी निघून जाते. धरणात पूर आला की सांडव्याचे दरवाजे उघडावेत, तसा हा प्रकार. परंतु सांडव्यातून नुसते पाणी जात नाही, विद्युत्भारही जातो. विश्रांतीच्या वेळी ऋणभारित क्लोराइड बाहेर पडला की आतला भाग तितका ऋण राहत नाही. पेशी ‘ठिणगी’च्या उंबरठ्याजवळ सरकते आणि अवेळी पेटण्याची शक्यता वाढते. ठोक्याच्या वेळी आतला भाग काही काळ धन होतो. तेव्हा याच मार्गिकेतून ऋणभार आत शिरतो आणि विजेची लाट वेळेपूर्वी आटोपते. पोटॅशियमच्या एका संथ मार्गिकेचा प्रवाहही पेशी फुगल्यावर वाढतो आणि त्याचाही परिणाम लाट आखूड होण्यातच होतो. पेशी आकसली तर तो प्रवाह कमी होतो आणि लाट लांबते. प्राण्यांच्या जातीप्रमाणे आणि हृदयाच्या भागाप्रमाणे तपशील बदलतात. पण बहुसंख्य प्रयोगांचा कल असाच आहे.

लाट आखूड झाली तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. हृदयपेशीची एक लाट साधारणपणे सेकंदाच्या पाव भागाइतकी टिकते. तेवढा वेळ पेशी दुसरा हुकूम ऐकत नाही, आणि हे बहिरेपण फार उपयोगाचे असते. वरच्या कप्प्यातून निघालेली लाट सर्व पेशींवरून एकदा जाऊन विझते. परत फिरून आली तरी कोणी तिला दाद देत नाही. पण एका भागातील पेशी फुगून त्यांची लाट आखूड झाली आणि शेजारच्या भागाची लांबच राहिली, तर विझत आलेली लाट आखूड भागात पुन्हा घुसते, तेथून फिरून येते आणि गोल गोल फिरत राहते. लेझीमच्या पथकातील दहा-वीस जण निराळ्याच ठेक्यावर नाचू लागले तर सगळे पथक विस्कटते, तसे हृदयाचे होते. स्नायू थरथरतात, रक्त मात्र पुढे जात नाही. अशा स्थितीत काही मिनिटांत प्राण जातो.

हृदयविकाराचा झटका आला असता हेच घडू शकते. रक्तवाहिनी तुंबलेल्या भागात पेशींना प्राणवायू मिळत नाही, ऊर्जा संपते, पंप मंदावतो आणि टाकाऊ पदार्थ पेशीच्या आत व बाहेर साचतात. मग औषधाने किंवा अन्य उपायाने वाहिनी उघडली की ताज्या रक्ताबरोबर बाहेरचे साचलेले पदार्थ चटकन धुऊन जातात, आतले राहतात. आतले द्रावण दाट आणि बाहेरचे पातळ अशी अवस्था होऊन पेशी फुगतात. रक्तप्रवाह परत सुरू होताच पहिल्या काही मिनिटांत हृदयाचा ठेका बिघडतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. त्याच्या अनेक कारणांपैकी पेशींची ही फुगवण एक आहे. म्हणून वाहिनी उघडल्यानंतरही रुग्णाला विद्युत्‌आलेखाच्या पडद्यासमोर ठेवतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून नातेवाइकांनी त्याला घरी नेण्याचा आग्रह धरणे योग्य नव्हे.

फुगणाऱ्या पेशींची ती क्लोराइडची मार्गिका कोणत्या प्रथिनाची बनलेली असते, हे २०१४ पर्यंत गूढ होते. त्या वर्षी बर्लिनमधील थॉमस येन्च यांच्या आणि कॅलिफोर्नियातील अर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे ते शोधून काढले. पटापुटियन यांना पुढे २०२१ मध्ये स्पर्शज्ञानासंबंधीच्या निराळ्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीने फुगणे ओळखणे आणि बोटाने स्पर्श ओळखणे ही कामे दिसायला किती दूरची! पण दोन्हीकडे पटलावर पडणारा ताण विजेच्या भाषेत सांगायचा असतो, आणि एकाच प्रयोगशाळेने दोन्हींचा माग काढला, यात नवल नाही.

इतका वेळ प्रयोगशाळेत काढल्यावर आता वस्तीकडे वळावयास हवे. २०२५ च्या डिसेंबरअखेर याच इंदूर शहरातील भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळून जुलाब-उलट्यांची साथ उसळली आणि काही नागरिक प्राणास मुकले. स्वच्छतेबद्दल देशभर नावाजलेल्या शहरात असे घडावे, ही गोष्ट मनाला लागणारी आहे. जलवाहिनी आणि मलवाहिनी एकमेकींपासून दूर ठेवणे, गळती वेळेवर हुडकणे आणि पाण्याचा रंग वा वास बदलल्याची तक्रार त्याच दिवशी तपासणे याला पर्याय नाही. पण साथ आलीच, तर जुलाबाने माणूस दगावतो तो कशाने, हे कार्यकर्त्यांना ठाऊक असले पाहिजे.

जुलाबात पाणी आणि सोडियम बहुधा जवळजवळ रक्ताच्याच प्रमाणात एकत्र जातात. त्यामुळे आरंभी पेशी फारशा फुगत नाहीत की आकसत नाहीत. नाडीतील रक्तच कमी होते. बरोबर पोटॅशियमही वाहून जाते. लहान मुलांच्या जुलाबात त्याचे प्रमाण बरेच असते आणि कुपोषित मुलाच्या अंगात पोटॅशियमचा साठा मुळातच तुटपुंजा असतो. त्याचे पोट फुगते, मान टाकली जाते, हातपाय लुळे वाटतात आणि ठोका चुकू लागतो. घरातील माणसे म्हणतात, ‘जुलाब थांबले, पण पोर उठेना.’ तेथे पोटॅशियमची आठवण झाली पाहिजे.

यापुढची गडबड बहुधा मनुष्याच्या हातून होते. तहानलेल्या रुग्णाला नुसते साधे पाणीच तांब्यामागून तांब्या पाजले, तर गेलेले मीठ परत मिळत नाही. रक्त पातळ होते आणि पेशी फुगतात. मेंदूच्या पेशी फुगल्या तर गुंगी येते, झटके येतात. उलट, लवकर गुण यावा म्हणून पुडी निम्म्याच पाण्यात कालवली, किंवा चमचाभर मीठ अंदाजाने जास्त पडले, तर रक्त दाट होऊन पेशी आकसतात, आणि तान्ह्या मुलाच्या मेंदूला त्यापासून मोठा धोका असतो. मनुका आणि कैरीची फोड यांतील जो फरक, तोच येथे. फार गोड पेयाचा दोष तिसराच. आतड्यात साखर दाट झाली की ती शरीरातील पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

जलसंजीवनीचे सूत्र यामुळेच इतके काटेकोर आहे. साखर व मीठ योग्य प्रमाणात असली की आतडे त्यांना जोडीने शोषून घेते आणि त्यांच्यामागून पाणी आत जाते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीने थैमान घातले होते आणि शिरेतून देण्याच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेथे साखर, मीठ व खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पिंपांत कालवून रुग्णांना प्यावयास दिले. ते पाजण्याचे काम मुख्यतः नातेवाइकांनीच केले. शेकडा ३० च्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत शेकडा ३.६ वर आले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. हयातीत हा मान मिळाला असता तर अधिक शोभले असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून पुरस्कारिलेल्या मिश्रणात एका लिटरसाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. जुन्या मिश्रणापेक्षा हे पातळ आहे. त्याने उलट्या व जुलाबाचे प्रमाण घटते, असे आढळल्यावरून हा बदल झाला. पोटॅशियम मात्र पूर्वीइतकेच ठेवण्यात आले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ते दीड ग्रॅम हृदयासाठी आहे, असे म्हटले तरी चालेल. बाजारात ‘ओआरएस’ या नावाखाली गोड पेये विकली जात होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सूत्राशी न जुळणाऱ्या पेयांच्या वेष्टनावर ते नाव वापरण्यास मनाई केली. पुडी घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख वाचून घ्यावा. शिक्षकांनी वर्गात मुलांकडून तो वाचून घ्यावा, म्हणजे घरोघरी तो पोचेल.

पुडी नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा लहान चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा, भाजी वाढण्याचा नव्हे. चाखून पाहावे, चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते ओतून देऊन नवे करावे. या घरगुती पाण्यात पोटॅशियम नसते, ही त्याची उणीव. म्हणून जोडीला पिकलेले केळे, शहाळ्याचे पाणी, वरणाचे पाणी द्यावे. बुऱ्हाणपूरच्या केळ्यांचा प्रदेश इंदूरपासून दूर नाही, आणि जुलाबात केळे बाधते ही समजूत सोडून देण्याजोगी आहे. तान्ह्या बाळाचे अंगावरचे दूध थांबवू नये. मोठी पुडी एका लिटरची असते आणि लहान पुडी २०० मिलिलिटरची. पुडीवर लिहिलेलेच माप घ्यावे, पुडीचे अर्धे-पाव भाग करू नयेत. कालवलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. ते उकळू नये. उकळल्याने पाणी वाफ होऊन जाते आणि क्षार दाट होतात.

पोटॅशियम हितकर म्हणून वाटेल तितके घ्यावे, असे मात्र नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णाच्या शरीरातून ते बाहेर पडत नाही. त्याला शहाळी आणि केळी यांचा मारा केला तर ईसीजीतील ती टी टेकडी तंबूसारखी उभी राहते आणि हृदय थांबू शकते. शिरेतून पोटॅशियम देणे हे काम रुग्णालयाचेच असून तेही सावकाश, मोजून करावे लागते.

पंप बाहेरच्या विषाने कसा बंद पडतो, याचे उदाहरण आपल्या अंगणातच उभे आहे. पिवळी कण्हेर, जिला महाराष्ट्रात बिट्टी म्हणतात, शाळांच्या कुंपणाला आणि देवळांच्या आवारात सर्रास लावलेली असते. तिच्या बिया मुले खेळायला घेतात. त्या बियांतील विष नेमके स्कौ यांनी शोधलेल्या सोडियम-पोटॅशियम पंपालाच जखडते. सोडियम आत साचतो, पोटॅशियम बाहेर राहून रक्तात चढते, पेशीत कॅल्शियमचा भार वाढतो आणि ठोके मंद व अनियमित पडू लागतात. इंग्लंडमधील विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये डिजिटॅलिस या वनस्पतीवर ग्रंथ लिहिला. तिच्यातील द्रव्य याच कुळातील आहे. गंमत अशी की, विदरिंग यांनी ती अंगावर सूज चढणाऱ्या, म्हणजे शरीरात पाणी साचणाऱ्या रुग्णांसाठी वापरली आणि तिचा हृदयावरील गुण त्यातून कळला. मोजून दिलेले ते औषध. बिट्टीची बी मात्र मोजता येत नाही. बी खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी मूल हिंडते-फिरते आहे म्हणून थांबू नये. ठोक्यातील बिघाड काही तासांनीही उद्भवतो. ज्या रुग्णालयात ईसीजी काढण्याची सोय आहे, तेथेच त्याला न्यावे.

जुलाबाचा रुग्ण गावातून रुग्णालयात पाठवावयाचा झाला, तर त्याच्याबरोबरच्या चिठ्ठीत पुढील मजकूर अवश्य असावा: जुलाब कधी सुरू झाले, जलसंजीवनी किती दिली आणि ती पुडीची की घरी केलेली, साधे पाणी किंवा बाटलीतील गोड पेय किती दिले, शेवटची लघवी कधी झाली, पोट फुगले आहे काय, मान धरवते काय, आणि पूर्ण एक मिनिट मोजलेली नाडी, मध्येच ठोका चुकत असल्यास तसा शेरा. नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय अनेकांना असते. या रुग्णाच्या बाबतीत ती उपयोगाची नाही. चुकणारा ठोका त्या पंधरा सेकंदांत येईलच असे नाही. रस्त्यात जलसंजीवनी चालू ठेवण्यासाठी भरलेली बाटली आणि चमचा नातेवाइकांच्या हाती द्यावा.